तत्त्वज्ञानाचे पहिले पुस्तक

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर, आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थी सॅक्रिस्टीच्या दाराशी घोटाळत उभा होता. अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरची भाषा मराठी. त्याचे आजोबा नगर जिल्ह्यातून ठाण्यास आले, वागळे इस्टेटीतील एका कारखान्यात लागले आणि वर्तकनगरच्या वसाहतीत स्थिरावले. "फादर, मला तत्त्वज्ञान वाचायचं आहे. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?" असे त्याने विचारले. त्या दाराशी माझ्याकडे बहुधा स्नानसंस्काराचा दाखला, शाळाप्रवेशासाठी चिठ्ठी किंवा लग्नासाठी सभागृहाची तारीख मागितली जाते. तत्त्वज्ञानाचे पुस्तक मागणारा हा पहिलाच. आनंदाच्या भरात मी खोलीत गेलो आणि फ्रेडरिक कॉपलस्टन यांच्या 'अ हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी' या ग्रंथाचा पहिला खंड कपाटातून काढून त्याच्या हाती दिला.

साधारण तीन महिन्यांनी त्याच्या आईने तो खंड परत आणून दिला. पुस्तकाला तपकिरी कागदाचे कव्हर घातलेले, वर प्लास्टिकची पिशवी. "फादर, त्याला अभ्यासातून वेळच होत नाही," असे ती माउली ओशाळून म्हणाली. ती गेल्यावर मी पुस्तक उघडले. पायथागोरसच्या प्रकरणात बसचे तिकीट खुणेसाठी घातलेले होते. त्यापुढची पाने कोणी उलटल्याचे दिसत नव्हते.

यात दोष मुलाचा नव्हता आणि कॉपलस्टन यांचाही नव्हता. कॉपलस्टन हे येशूसंघीय धर्मगुरू. पहिला खंड १९४६ साली निघाला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षांत नऊ खंड झाले. आपण हे काम कॅथलिक सेमिनरींतील विद्यार्थ्यांची गरज ओळखून हाती घेतले आहे, हे लेखकाने पहिल्याच प्रस्तावनेत सांगून टाकले आहे. सेमिनरीत शिकणाऱ्याची गोष्ट निराळी असते. पौरोहित्याच्या सहा वर्षांच्या अध्ययनापैकी दोन पूर्ण वर्षे तत्त्वज्ञानाला द्यावीत, असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. तेथे वर्ग असतो, समजावून सांगणारा प्राध्यापक असतो, रात्री दिवा मालवेपर्यंत वाद घालणारे सोबती असतात आणि शेवटी परीक्षेचा धाक असतो. एवढी सामग्री पाठीशी असल्यावर थेलीसपासून निघून कांटपर्यंत पायी जाता येते. मला ती लाभली होती. ठाण्याहून कॉलेजला जाणाऱ्या गाडीत उभ्याने वाचणाऱ्या मुलाजवळ यातले काहीच नव्हते. मी त्याला माझे औषध दिले. त्याचे दुखणे काय, हे विचारलेच नाही.

ते दुखणे मला पुढे पहिल्या शुक्रवारी कळले. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी त्यांच्या घरी जातो, ते त्याच्या आजीसाठी. आजीची स्मृती गेली आहे. लेकाला ती आपला भाऊ समजते आणि नातवाला परका. पण मी प्रार्थना सुरू केली की 'नमो मारिया' ती अखेरपर्यंत, एकही शब्द न चुकता म्हणते. त्या दिवशी मुलगा मला पोचवायला जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "फादर, आजीला मी कोण ते आठवत नाही. आता आता तिला स्वतःचं नावही आठवत नाही. मग ही आजीच आहे का, की फक्त आजीचं शरीर आहे? मला हे वाचायचं होतं."

मी त्याला पायथागोरस दिला होता.

तेव्हापासून तत्त्वज्ञानाची प्रवेशिका म्हणून जी पुस्तके सांगितली जातात, ती मी पुन्हा एकदा, आणि या वेळी त्या जिन्यावरच्या प्रश्नासह, वाचून काढली. स्मृती गेल्यावर माणूस तोच राहतो काय, हा प्रश्न घेऊन आलेल्या वाचकाला हे पुस्तक कोठे नेते, किती पानांनी नेते आणि तेथे नेऊन त्याच्याशी कसे वागते, एवढेच मी पाहिले. पुस्तके पारखण्याची ही पद्धत एकांगी आहे, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या घरांतून तत्त्वज्ञानाकडे येणारा माणूस कुतूहलापोटी क्वचितच येतो. तो घरातल्या कोणाच्या तरी खाटेशेजारून उठून येतो. तेव्हा ही कसोटी अगदीच गैरलागू नसावी.

कॉपलस्टनपुरते सांगायचे तर, या प्रश्नाला आधुनिक वळण देणारा जॉन लॉक त्यांच्या पाचव्या खंडात भेटतो. पहिल्या खंडापासून शिस्तीने वाचत गेल्यास माझ्या विद्यार्थ्याची पदवी होऊन नोकरीची दोन-चार वर्षे सरली असती.

विल ड्युरांट यांचे 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' हे १९२६ सालचे पुस्तक अजूनही पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगात हमखास मिळते. ते वाचनीय आहे याविषयी वाद नाही. न्यूयॉर्कच्या लेबर टेंपलमध्ये कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून आणि पाच सेंटांना मिळणाऱ्या निळ्या चोपड्यांतून ते वाढले. दिवसभर यंत्रावर राबून आलेल्या श्रोत्याला झोप येऊ नये, असे बोलण्याची सवय लेखकाच्या वाक्यावाक्यांत उतरली आहे. कॅथलिक वाचकाने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ड्युरांट स्वतः काही काळ सेमिनरीत होते आणि १९११ साली ती सोडून बाहेर पडले. त्यांच्या कथेत अॅरिस्टॉटलनंतर प्रकरण येते ते फ्रान्सिस बेकनचे. मधली सुमारे दोन हजार वर्षे काही पानांत आटोपतात. संत ऑगस्टीन नाहीत, संत थॉमस अक्वायनस असून नसल्यासारखे. पुढील आवृत्तीच्या प्रास्ताविकात त्यांनी हा अन्याय कबूल केला आणि त्याचे कारण सेमिनरीतील आपल्या जुन्या त्रासात शोधले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. भारतीय व चिनी विचार वगळल्याचीही कबुली तेथेच आहे. पण माझा आक्षेप वेगळाच आहे. हे पुस्तक तत्त्ववेत्त्यांच्या चरित्रांत रमते. स्पिनोझाला समाजाने वाळीत टाकले, शोपेनहौअरचे आईशी पटले नाही, हे सारे लक्षात राहते. स्पिनोझा जे म्हणाला ते खरे कशावरून, हा प्रश्न वाचकाच्या मनात उठण्यापूर्वीच पुढची गोष्ट सुरू झालेली असते. लॉकला तर स्वतंत्र प्रकरणही नाही. कांटकडे जाताना वाटेत तो ओझरता भेटतो. ज्याला मोठ्या माणसांच्या गोष्टी हव्या आहेत, त्याने ड्युरांट जरूर वाचावेत.

बर्ट्रंड रसेल यांचे 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' १९१२ साली एका स्वस्त ग्रंथमालेत, शिलिंगभर किमतीला निघाले. पंधरा लहान प्रकरणे. पहिल्यातच लेखक आपल्यासमोरच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि विचारतो की, रंग प्रकाशाप्रमाणे बदलतो, आकार उभे राहण्याच्या जागेप्रमाणे बदलतो, तर मग खरे टेबल कोणते? कॉपलस्टन आणि रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवरून ईश्वराच्या अस्तित्वाविषयी वाद घातला होता. त्यात माझी बाजू कोणती, हे सांगायला नको. तरीसुद्धा पहिल्या पुस्तकाच्या निवडीत माझे मत रसेल यांना कॉपलस्टन यांच्यापेक्षा अधिक पडते, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. रसेल वाचकाला कामाला लावतात. दहा पाने वाचून झाली की वाचक स्वतःच्या टेबलाकडे संशयाने पाहू लागतो. दुर्दैवाने टेबलाकडे पाहण्याची निकड ज्याला वाटत नाही, ज्याच्या घरात टेबलाऐवजी आजी आहे, त्याला हे पुस्तक काहीसे कोरडे लागते. ज्ञान कसे होते, याचीच त्यात चिंता आहे; ज्याला ज्ञान होते तो कोण, याविषयी चार शब्द येतात आणि तेही सावधपणे.

यॉस्टाइन गार्डर यांची 'सोफीज वर्ल्ड' ही कादंबरी नॉर्वेत १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाने आमच्या पिढीच्या अनेकांना या विषयाची गोडी लावली. लेखक शाळेत तत्त्वज्ञान शिकवीत असत. पंधराव्या वर्षात पदार्पण करणाऱ्या सोफीच्या टपालपेटीत, तू कोण आहेस, एवढेच विचारणारी चिठ्ठी येते, ही सुरुवात मला अजूनही अप्रतिम वाटते. मध्ययुगाचा धडा देताना शिक्षक भिक्षूचा वेष करून चर्चमध्ये उभा राहतो. ऑगस्टीन आणि थॉमस यांना येथे ड्युरांटपेक्षा पुष्कळच आदराने वागवले आहे. पण पुस्तक जाडजूड आहे आणि पहिल्या चिठ्ठीतला तो प्रश्न पुढे इतिहासाच्या ओझ्याखाली दबून जातो. शिक्षक बोलतो, सोफी मान डोलावते. माझा विद्यार्थी मान डोलावणारा नाही.

मराठीकडे वळताना प्रथम त्या शब्दाविषयीच थोडे सांगितले पाहिजे. 'तत्त्वज्ञान' हा शब्द आपल्याकडे दोन टोकांना वापरला जातो. घरात कोणी लांबण लावली की आपण म्हणतो, "तुझं तत्त्वज्ञान पुरे." आणि ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात त्याच नावाच्या फळीवर गीतेवरील भाष्ये, संतांची चरित्रे, योगासने आणि यशस्वी होण्याचे मंत्र एकत्र नांदत असतात. दोन्ही ठिकाणी युक्तिवाद करणे हा अर्थ हरवलेला आहे. मराठीला युक्तिवादाची सवय नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' आपल्या पंथाचे पुस्तक नव्हे. तरी कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन यांच्या मतांची त्यात झालेली तपासणी पाहिली म्हणजे इंग्रजी न जाणणाऱ्या किती मराठी घरांत ही नावे त्याच वाटेने शिरली असतील, असा विचार मनात येतो. आमच्या ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ पासून उभे आहे. वाचक नव्हते, असे कोण म्हणेल?

मराठीतल्या मोठ्या कामांपैकी ग. ना. जोशी यांचा तीन खंडांतील 'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' आणि श्रीनिवास हरी दीक्षित यांचे 'भारतीय तत्त्वज्ञान' ही पुस्तके महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे वापरली. परिश्रम आणि विश्वासार्हता या दोन्ही बाबतींत त्यांना नावे ठेवण्यास जागा नाही. पण त्यांचा समोरचा वाचक परीक्षार्थी आहे. एकेक दर्शन घ्यावे, त्याचे प्रमाणशास्त्र सांगावे, मग पदार्थविचार, मग मोक्षविचार, ही त्यांची चाल. आत्म्याविषयीचा न्यायदर्शनाचा एक युक्तिवाद या कोष्टकांत कसा झाकला जातो, ते पाहा. जे मी डोळ्यांनी पाहिले तेच आता हाताने स्पर्शिले, असे मला ओळखता येते. डोळा स्पर्श करीत नाही आणि हात पाहत नाही. तेव्हा पाहणारा आणि स्पर्श करणारा असा कोणी एक या इंद्रियांहून वेगळा असला पाहिजे. आजी नातवाचा चेहरा पाहते आणि ओळखत नाही. पण त्याने हात हातात घेतला की तिचा हात थोपटू लागतो. त्या मुलाला मी हा युक्तिवाद सांगितला, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फादर, हे मराठीत होतं आणि मला कोणी सांगितलं नाही?" ते सांगण्यास दोन मिनिटे लागली. पुस्तकात ते परीक्षेच्या उत्तराच्या आकारात बसवलेले असते, म्हणून सापडत नाही.

दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली १९७४ साली पुण्याहून तीन खंडांत निघालेल्या 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोशा'ची गोष्ट निराळी. कोश हे कोणाचेच पहिले पुस्तक होऊ शकत नाही. पण आपल्या समाजातल्या वाचकाने तो एकदा तरी हाताळावा असे मला वाटते, आणि त्यामागे एक खास कारण आहे. त्या कोशाच्या लेखकांत रिचर्ड डी स्मेट हे येशूसंघीय धर्मगुरू आहेत. जन्म १९१६ साली बेल्जियममध्ये; १९४६ साली ते भारतात आले. शंकराचार्यांच्या पद्धतीवर रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला आणि पुढे पुण्यात सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवले. १९९७ साली ते वारले. परदेशातून आलेल्या एका कॅथलिक धर्मगुरूला मराठीतील तत्त्वज्ञानाच्या कोशात लेखनासाठी जागा मिळते आणि तो ती परिश्रमाने भरतो, ही आपल्या समाजाच्या वाङ्मयीन इतिहासातली लहान घटना नव्हे. आपण फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा अभिमान मिरवतो, तो योग्यच आहे. डी स्मेट यांचे नाव मात्र आमच्या धर्मग्रामातील सभेत मी घेतले तेव्हा एकाही चेहऱ्यावर ओळख उमटली नाही.

दि. य. देशपांडे यांच्या पुस्तकांविषयी मी थोडा अडखळत लिहितो, कारण हा लेख वाचून काही पालक माझ्याकडे येतील. देशपांडे हे नागपूरचे विवेकवादी विचारवंत. १९९० साली निघालेल्या 'आजचा सुधारक' या मासिकाचे ते संस्थापक. ईश्वर आणि धर्म यांविषयीची त्यांची मते आपल्या श्रद्धेला सरळ विरोध करणारी आहेत. आणि तरीही 'युक्तिवादाची उपकरणे' हे त्यांचे पुस्तक मी त्या मुलाला दिले. एखाद्या विधानावरून दुसरे विधान निघते म्हणजे काय होते, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे, संस्कृत शब्दांचे अवडंबर न माजवता सांगणारे लेखन थोडेच आहे. मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "फादर, देव न मानणाऱ्याचं पुस्तक तुम्हीच देता? उद्या हा मिस्साला येणं बंद करील." त्यांची भीती मी हसण्यावारी नेली नाही. ती खरी आहे. तसे घडलेले मी पाहिले आहे. मी एवढेच म्हणालो की, मुलगा आजीविषयी जो प्रश्न विचारतो आहे तो त्याला कोणत्याही पुस्तकाने दिलेला नाही, तो तुमच्या घरातच त्याला मिळाला आहे. त्याला आपण गप्प केले तर तो गप्प राहील, आणि मिस्सालाही येईल, काही वर्षे. वडिलांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पुस्तक मात्र त्यांनी परत पाठवले नाही.

नवशिक्याची सोय पाहणे हा काही अलीकडचा आधुनिक लाड नव्हे. ज्या ग्रंथाच्या नुसत्या आकाराने आज आपली छाती दडपते, तो संत थॉमस यांचा 'सुम्मा थिओलॉजिए' त्यांनी नवशिक्यांसाठीच लिहायला घेतला होता. छोट्याशा उपोद्घातात ते तसे म्हणतात आणि त्या काळच्या पुस्तकांवर तीन आक्षेपही घेतात: निरुपयोगी प्रश्नांची गर्दी, विषयाच्या क्रमाऐवजी भाष्य करावयाच्या ग्रंथाच्या क्रमाने केलेली मांडणी, आणि कंटाळा येईल इतकी पुनरुक्ती. साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे परीक्षण आजच्या कित्येक प्रवेशिकांना जसेच्या तसे लागू पडते. शिवाय त्यांची रीत पाहा. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी ते स्वतःच्या मताविरुद्धचे आक्षेप मांडतात, आणि तेही दुबळे करून नव्हे. ईश्वर आहे काय, या प्रश्नाची सुरुवात, तो नसावा असे वाटण्याच्या कारणांनी होते. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे धैर्य आपण किती वेळा दाखवतो, याचा विचार मी माझ्यापासून सुरू केला आहे.

इंग्रजी चालत असेल तर माझी निवड आता अशी आहे. टॉमस नेगल यांचे 'व्हॉट डझ इट ऑल मीन?' (१९८७) हे शंभरेक पानांचे पुस्तक प्रथम द्यावे. त्यात नऊ प्रश्न आहेत. तत्त्ववेत्त्यांच्या नावांचा आणि सनावळीचा मारा नाही. मन आणि शरीर यांचा संबंध काय, मरण म्हणजे काय, यांवर छोटी प्रकरणे आहेत. लेखक श्रद्धावान नाही आणि ते लपवतही नाही. पण तो वाचकाला ढकलत नाही. त्यानंतर नायजेल वॉरबर्टन यांचे 'अ लिटल हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी' (२०११). चाळीस लहान प्रकरणांचा हा इतिहास कोठूनही उघडता येतो. ऑगस्टीन, बोएथियस, अॅन्सेल्म, अक्वायनस यांना त्यात जागा आहे. भारताला एकही स्वतंत्र प्रकरण नाही, हा दोष मोठा आहे. पण माझ्या विद्यार्थ्याला जे हवे होते ते येथे चौदाव्या प्रकरणात आहे. लॉक म्हणतो की, राजपुत्राच्या साऱ्या आठवणी चांभाराच्या देहात शिरल्या, तर ती व्यक्ती राजपुत्रच. देहाने तो चांभार असला तरी. आठवणीचा धागा जेथवर पोचतो तेथवर व्यक्ती. म्हणजे आजीचा धागा तुटला की आजी संपली. हे वाचून मुलगा दोन दिवस अस्वस्थ होता, असे त्याची आई सांगत होती. मग त्याच प्रकरणातला टॉमस रीड त्याच्या मदतीला आला. रीडचा सेनापती म्हातारा आहे. तरुणपणी शत्रूचे निशाण जिंकले ते त्याला आठवते. लहानपणी चोरीबद्दल मार खाल्ला ते आठवत नाही. निशाण जिंकणाऱ्या त्या तरुणाला मात्र मार आठवत होता. लॉकच्या हिशेबाने सेनापती हा तो तरुण आहे, तरुण हा तो मुलगा आहे, आणि सेनापती मात्र तो मुलगा नाही! हिशेब जुळत नाही. पुस्तकातल्या त्या पानाच्या समासात मुलाने पेन्सिलीने उद्गारचिन्ह काढले आहे. पुस्तक माझे आहे, पण मी ते खोडले नाही.

त्यानंतर आम्ही थॉमसकडे गेलो. संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावर भाष्य करताना, पंधराव्या अध्यायाशी, थॉमस असे मांडतात की केवळ आत्मा तरला म्हणून सगळा माणूस तरला असे होत नाही. माणूस म्हणजे निव्वळ आत्मा नव्हे. आपण आत्म्याच्या अमरत्वाविषयी इतके बोलतो की, शरीराच्या पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे हे विसरूनच जातो. 'नमो मारिया' म्हणणारे ते ओठ आणि थोपटणारा तो हात ही आजीच आहे, आजीचे उरलेले कवच नव्हे, असे म्हणण्यास येथे आधार सापडतो. मुलाने हे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आठवणी कुठे जातात?" त्याचे उत्तर मजजवळ नव्हते आणि नाही.

मराठी चालणाऱ्यास, विशेषतः त्याच्या वडिलांच्या वयाच्या वाचकास, काय द्यावे? श्रीनिवास हेमाडे यांनी २०१४ साली 'लोकसत्ता'मध्ये 'तत्त्वभान' हे साप्ताहिक सदर लिहिले. त्यातले लेख नवख्या वाचकाने एकेक करून वाचण्याजोगे आहेत. वाईच्या मराठी विश्वकोशात मे. पुं. रेगे यांनी तत्त्वज्ञानावर ज्या नोंदी लिहिल्या, त्यांतील गद्य माझ्या मते मराठीतील उत्तम गद्यांपैकी आहे. विश्वकोश आता संगणकावर विनामूल्य वाचता येतो, म्हणून पैशांची सबब उरत नाही. पण नेगल यांच्यासारखे, प्रश्नांपासून निघणारे, शंभर पानांचे, वसाहतीतल्या आणि चाळीतल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारे पुस्तक मी धर्मग्रामाच्या कपाटात अद्याप ठेवू शकलेलो नाही. इतिहास लिहिणारे आपल्याकडे झाले, कोशकार झाले. प्रश्न विचारत बसणारा कोणी हवा आहे.

नाताळच्या सुट्टीत त्या मुलाने वॉरबर्टनचे ते चौदावे प्रकरण वडिलांसाठी मराठीत उतरवायला घेतले. वही घेऊन तो दोनदा माझ्याकडे आला. पहिल्या पानावरच गाडी अडली आहे. लॉक 'मॅन' आणि 'पर्सन' यांत भेद करतो. पहिल्याला 'माणूस' ठीक आहे, दुसऱ्याला काय म्हणावे? मी म्हणालो, 'व्यक्ती' म्हण. त्याने वडिलांना वाचून दाखवले, तर ते म्हणाले, "व्यक्ती म्हणजे माणूसच ना? आणि धर्मशिक्षणात आपण एक देव, तीन व्यक्ती म्हणतो, त्या काय माणसं आहेत?" प्रश्न अगदी रास्त होता. मी महाकोशाचा खंड मागवून ठेवला आहे. येत्या पहिल्या शुक्रवारी आजीला ख्रिस्तप्रसाद देऊन झाल्यावर आम्ही तिघे त्यांच्या स्वयंपाकघरात त्या शब्दावर बसणार आहोत.